पडद्याखालची ओळ

ल्युदमिल स्ताइकोव्ह दिग्दर्शित 'खान अस्पारुख' (१९८१) या बल्गेरियन चित्रपटाचा काळ सातव्या शतकाचा. बल्गार टोळ्या डॅन्यूबकाठी येतात, बायझंटाईन सैन्याशी झुंजतात आणि इ. स. ६८१ मध्ये राज्य उभारतात. इंग्रजी उपशीर्षकांसह तो पाहिलेल्या नांदेड-लातूरच्या माझ्या मित्रांत दोन तट पडले. 'लढाया भव्य, पण माणसे कळत नाहीत,' असे बहुतेकांचे मत. काहींना माणसेच भावली.

माझ्या मते हा भेद रसिकतेचा नसून वाचनाच्या वेगाचा आहे. मराठी माध्यमातून आलेला प्रेक्षक ओळ पुरी करतो तोवर दृश्य सरते. शिवाय इंग्रजी 'यू' वाचताना खानाला 'तू' म्हणावे की 'आपण', हे त्यानेच ठरवायचे!

कोणी म्हणेल, चित्राला भाषा कशाला? 'संत तुकाराम' (१९३६) १९३७ साली व्हेनिसला गौरवला गेलाच ना? खरे आहे. परंतु भक्ती चेहऱ्यावर दिसते. तह, शपथा आणि फितुरी शब्दांवर चालतात. तेव्हा अशा चित्रपटांना आधी मराठी ओळी मिळोत. तोवर 'कळला नाही' म्हणणाऱ्याला कोणी अरसिक ठरवू नये.