पूरकाळाची पडशी

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपण सर्वच जाणतों. परंतु नदीकांठच्या किती घरांत पूर येण्यापूर्वीं त्याची तयारी असते? कृष्णा, वारणा व पंचगंगा यांच्या कांठीं २००५, २०१९ व २०२१ सालीं महापूर आले. दर वेळीं असेंच दिसलें कीं, पाणी अंगणांत आल्यावर माणूस हातास लागेल तें उचलतो, आणि जें पाहिजे तें घरांतच राहतें. याकरितां घरांतील प्रत्येक मोठ्या माणसाची एक पडशी आधींच भरलेली असावी.

प्रथम वजन ठरवावें. एका कडेवर मूल घेऊन दुसऱ्या खांद्यावर सहज नेतां येईल तीच पडशी खरी; ती पांच किलोहून जड होऊं लागल्यास कांहीं जिन्नस काढावे. प्रत्येक जिन्नस निवडतांना एकच प्रश्न करावा: ही वस्तु नसल्यास तीन दिवसांत जिवास धोका आहे काय? नसेल तर ती बाजूस ठेवावी. या नियमास अपवाद एक, तो पुढें सांगूं.

पहिला धोका बुडण्याचा. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें माणसांनीं भरलेली नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. लाइफ जॅकेट मिळाल्यास उत्तमच. न मिळाल्यास झांकण घट्ट बसविलेला पांच लिटरचा रिकामा डबा छातीशीं बांधावा. तो जॅकेटाची बरोबरी करीत नाहीं, तरी आधार देतो. गळ्यांत शिटी असावी. ओरडून घसा बसतो, शिटी बसत नाहीं. विजेरीचे सेल निराळे काढून ठेवावे, म्हणजे ते वेळेवर दगा देत नाहींत.

दुसरा धोका दूषित पाण्याचा. एक लिटर पिण्याचें पाणी, क्लोरीनच्या गोळ्या व जलसंजीवनीच्या पुड्या घ्याव्या. पुडी नसल्यास एक लिटर शुद्ध पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावें. रक्तदाब, मधुमेह इत्यादिकांचीं नित्याचीं औषधें आठ दिवसांचीं असावीं. खाण्यास फुटाणे व गूळ पुरे. शिजवावें लागेल असें कांहीं नको.

पुरांत सापही कोरडी जागा शोधतात. दंश झाल्यास जागा कापूं नये, आवळून बांधूं नये. अवयव काठीच्या आधारानें स्थिर ठेवून रोग्यास सरकारी दवाखान्यांत न्यावें. त्यासाठीं एक लांब पट्टी पडशींत असूं द्यावी. चाकूही असावा. गोठ्यांतील जनावरें आधींच उंचावर न्यावीं हें खरें. परंतु वेळ नच उरल्यास त्यांचीं दावीं कापावीं. बांधलेलें जनावर जागींच बुडतें, मोकळें कदाचित् पोहून निघतें.

आतां तो अपवाद, म्हणजे कागदपत्रें. २००५ च्या पुरानंतर एका विधवेच्या पडलेल्या घराचा पंचनामा झाला. परंतु पासबुक व शिधापत्रिका चिखलांत गेल्यामुळें तिला कचेरीचे हेलपाटे घालावे लागले. तिला परत पाठविणाऱ्या कारकुनांत आम्हीही होतों, आणि त्याची रुखरुख अद्याप आहे. सात-बारा आतां संगणकावरून पुन्हां काढतां येतो; म्हणून आधारपत्र, शिधापत्रिका व पासबुक हीं प्रथम प्लास्टिकच्या दुहेरी पिशवींत घालावीं. जिल्हा आपत्ति कक्षाचा १०७७ हा क्रमांक एका कागदावर लिहून त्यांतच ठेवावा, कारण मोबाइल बंद पडतो.

दर वर्षीं मृग निघतांच पडशी उघडून औषधांच्या मुदती व सेल तपासावे. सांगलीस आयर्विन पुलाजवळ इशाऱ्याची पातळी ४० फूट व धोक्याची ४५ फूट आहे. या पांच फुटांचा अवधि सामान शोधण्यासाठीं नसून गांव सोडण्यासाठीं आहे, हें आमच्या शेतकरी बंधुभगिनींनीं ध्यानांत ठेवावें.