पगार वाढला, ईएसआयचं कार्ड गेलं

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या मशीनशॉपच्या मालकांपुढे हा विषय काढला की आजही त्यांचा आवाज चढतो. १ एप्रिल २०२३ पासून त्यांनी जुन्या कामगारांचा पगार २०,००० वरून २२,००० केला आणि त्याच दिवशी ती माणसं ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, बाहेर पडली. योजनेची पगारमर्यादा २१,००० ची. १ जानेवारी २०१७ ला ती १५,००० वरून इथवर आणली आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच ठेवली. पगार वाढवणाऱ्याच्या पदरी हे यावं, हा अन्याय आहे.

२०,००० वर महिन्याला मालकाचे ६५० आणि कामगाराचे १५० रुपये, एवढ्यात बायको-मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील, सगळ्यांच्या उपचारांची सोय होती. तिच्या जागी मालकांनी पदरचे पैसे घालून ग्रुप मेडिक्लेम घेतला, आई-वडिलांचा जादा हप्ताही भरला. "सगळं कव्हर आहे साहेब, निर्धास्त राहा," विमा सल्लागार म्हणाला. पॉलिसीची प्रत मागितली, तर व्हॉट्सॲपवर एका पानाचं कोष्टक आलं.

जानेवारीत लेथवरच्या एका कामगाराची आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. विमा दोन लाखांचा, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला २,०००. रुग्णालयात मिळाली ती खोली ४,००० ची. डिस्चार्जच्या दिवशी कॅशलेसच्या खिडकीवर मंजुरीचा कागद हातात आला, तेव्हा खरा प्रकार कळला. कात्री नुसत्या भाड्याला लागली नव्हती. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, सगळ्यांची बिलं त्याच प्रमाणात निम्मी केली होती. उरलेल्यातून ज्येष्ठांचा वीस टक्के को-पे, म्हणजे रुग्णाने स्वतः भरायचा वाटा, वजा. आत बसवलेलं इम्प्लांटसुद्धा अर्धं! मालकांनी तिथूनच सल्लागाराला फोन लावला. "क्लॉजमध्ये आहे, सर," एवढं बोलून त्याने ठेवून दिला. हप्त्याच्या वेळी हाच माणूस दिवसभर पिच्छा पुरवत होता.

इम्प्लांटचं मात्र मालकांनी सोडलं नाही. विमा नियामकाच्या २०२० च्या निर्देशांनुसार खोलीभाड्याच्या प्रमाणातली ही कपात औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना लावता येत नाही. हे लेखी मांडल्यावर ती रक्कम परत आली. बाकीची त्यांनीच भरली. कामगार एवढंच म्हणाला, "साहेब, कार्ड असतं तर सातपूरच्या दवाखान्यात नेलं असतं."

आता ते प्रत्येक उद्योजकाला बजावतात, की पगारवाढ १ एप्रिल किंवा १ ऑक्टोबरला लागू करू नका. ईएसआयचे सहामाही हप्ताकाळ त्याच तारखांना सुरू होतात, आणि त्यात कोण राहणार ते तेव्हाच ठरतं. वाढ मे महिन्यात दिली, तर मर्यादा ओलांडूनही ३० सप्टेंबरपर्यंत कामगार योजनेतच राहतो. ओव्हरटाइम या मर्यादेत धरत नाहीत, त्यामुळे त्याची धास्ती नको. मेडिक्लेम घेताना खोलीभाड्याची अट काढून घ्या. हप्ता थोडा वाढेल, वाढू द्या. को-पे किती, ते लेखी घ्या. कागद नीट वाचा, ओळखीवर विसंबू नका, हेही आलंच.

आणि केंद्र सरकारने ती २१,००० ची मर्यादा महागाईशी जोडावी. चांगला पगार देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला त्याचा दंड बसता कामा नये.