मुलांना घेऊन गावी येताना

उन्हाळ्याच्या सुट्टीची तिकिटं काढायची वेळ झाली की परदेशातल्या आमच्या भावंडांचे फोन सुरू होतात. "यंदा महिनाभर येतोय, सगळ्यांना भेटायचंय." मग यादी तयार होते. ठाण्याला काका, पुण्यात दोन मावश्या, नाशिकला मामा, कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन, मध्येच कुणाचा तरी साखरपुडा. आमच्या वाईच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस येतो. मी इथे घर उघडं ठेवून तुमच्या मुलांची वाट बघणारी आत्या, म्हणून या बाजूनं काय दिसतं ते आज मनमोकळेपणानं सांगते.

ती यादी एकदा तुमच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या नजरेनं वाचा. रोज नवं घर, नवी माणसं, पुन्हा पोहे आणि पुन्हा तोच प्रश्न, "ओळखलंस का मला?" लेकरू वाकून नमस्कार करतं, बशी संपवतं आणि बाबांचा फोन घेऊन कोपरा गाठतं. मग आपण म्हणतो, याला इथे करमत नाही. करमायला एका घरात चार रात्री सलग झोप तरी व्हायला हवी ना! तेव्हा माझं पहिलं आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठं मागणं आहे. एका घरी आठ-दहा दिवस मुक्काम करा आणि बाकीच्यांना तिथेच भेटायला बोलवा. काही वडीलधारे रुसतील. त्यांची समजूत तुम्ही काढा, त्यांच्या रुसव्यापायी मुलांची सुट्टी गाडीत घालवू नका.

"पण जुलैत येऊन काय करायचं? आंबे संपलेले, पाऊस कोसळतोय, भावंडं शाळेत." हे मी नेहमी ऐकते. अमेरिकेतल्या शाळांना सुट्टी लागते, तेव्हा जूनच्या मध्यावर आपल्या शाळा उघडलेल्या असतात, हे खरंच आहे. गणपती सहसा आणि दिवाळी तर कधीच तिथल्या सुट्टीत बसत नाही. इंग्लंडवाल्यांना एखाद्या वर्षी गणपती साधतो, 2025 मध्ये 27 ऑगस्टला होता तसा. पण मला जुलैच आवडतो. घर तेव्हा पाहुण्यांसाठी सजलेलं नसतं, रोजच्या चालीनं चाललेलं असतं. सकाळी डब्यांची घाई, रेनकोटाची शोधाशोध, संध्याकाळी ओल्या दप्तरांची रांग. त्या धांदलीत तुमचं मूल आपोआप ओढलं जातं. शिवाय वारी याच दिवसांत असते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम करते, पुढे तरडगावाजवळ चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं. आषाढी 2025 साली 6 जुलैला होती, 2026 साली अधिक महिन्यामुळे 25 जुलैला. तिकिटं काढण्याआधी पंचांग बघून घ्या.

आलात की मुलांना काम द्या, हे दुसरं. माझी भाची न्यूजर्सीत वाढलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. इथे आली की सगळे तिला "बस गं बाळा" म्हणत बसवून ठेवायचे. एका दुपारी मी माझ्या मुलाबरोबर तिला ज्वारीचं दळण घेऊन गिरणीत पाठवलं. गिरणीवाल्या काकांनी पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून विचारलं, "कुणाची गं तू?" तिनं माझ्या मुलाकडे बघितलं. तो शहाणा, गप्प राहिला. मग तिनं आजीचं नाव सांगितलं, तेही आडनावासकट. काका म्हणाले, "मग आधी का नाही सांगितलंस? बस तिथं." परत आली ती गरम डबा पोटाशी धरून, भुवयांवर पीठ, आणि विचारत काय होती, तर पुढचं दळण कधी आहे. नंतर आजीच्या औषधांच्या वेळा तिनंच सांभाळल्या. पाहुणीचं घरचं माणूस झालं, ते असं.

काही गोष्टी मात्र येण्याआधी तुम्हालाच कराव्या लागतील. "काळवंडलीस की गं", "अंगानं सुटलाय", "एवढं साधं मराठी येत नाही?" ही वाक्यं आपल्याकडे मायेनं बोलली जातात आणि मुलांना खोल लागतात. आधी फोन करून आम्हाला स्पष्ट सांगा, आम्ही ऐकू. आणि मुलादेखत "त्याला मराठी येत नाही" असं तुम्हीही म्हणू नका. आजी आणि तो अडखळत बोलत असतील तर मध्ये पडून भाषांतर करू नका. त्यांना वेळ लागेल, लागू द्या.

आणखी एक, जीव लावून सांगते. आपलंच घर आहे म्हणून डॉक्टरांकडे जायचं टाळू नका. पर्यटक लसी घेऊन येतात, नातेवाइकांकडे येणारे बरेचदा तसेच येतात, आणि आजारी जास्त तेच पडतात. तुम्ही इथल्या पाण्यावर वाढलात, मुलं नाही. निदान महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा, टायफॉइड, कावीळ आणि मलेरिया यांबद्दल विचारा. टायफॉइडचं इंजेक्शन निदान दोन आठवडे आधी घ्यावं लागतं. कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी लगेच सांगायचं, हे मुलांना बजावून ठेवा. मोठी माणसं रागावतील म्हणून मुलं लपवतात.

तिथे तुम्ही त्यांचे फक्त आई-बाबा असता. इथे आजी तुम्हालाच दटावते, "ओल्या डोक्यानं बाहेर जाऊ नकोस," आणि तुम्ही मुकाट्यानं टॉवेल घेता. तेव्हा मुलांचे चेहरे बघा! आपल्या बापालाही कुणीतरी "अरे बाळ्या" म्हणून हाक मारतं, याचा त्यांना केवढा आनंद होतो. लाजून तो प्रसंग आवरता घेऊ नका.

परत गेल्यावर फोनही तुमच्यामार्फत नको. "आजीला हाय म्हण" एवढ्यावर दोघांनाही काही बोलता येत नाही. मुलाच्या हातात फोन द्या आणि खोलीबाहेर जा. उन्हाळ्यात न्यूजर्सीत सकाळचे साडेआठ वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे सहा झालेले असतात. शनिवार-रविवारी ही वेळ दोन्हीकडे जमते, भावंडंही खेळून घरी आलेली असतात.