खडक फोडणारी दारू आणि माणसाचा जीव

विहीर खणतांना काळा खडक लागला म्हणजे पहारीचें कांहीं चालत नाहीं. सुरुंग लावणाऱ्यास बोलवावें लागतें. "दूर व्हा" अशी हाक येते, क्षणभर सर्वत्र शांतता पसरते आणि मग जमीन हादरते. हा देखावा आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल. परंतु ही शक्ति मनुष्याच्या ताब्यांत कशी आली, ह्याचा विचार आपण क्वचितच करतों. तो ह्या पाठांत करूं.

पूर्वीं खाणींत खडकाशीं मोठा जाळ करून त्याला तडे पाडीत व मग छिन्नी-हातोड्यानें तो फोडीत. स. १६२७ मध्यें हंगेरीच्या राज्यांतील शेम्निट्झ ह्या खाणींच्या गांवीं (तें आतां स्लोवाकियांत आहे) कास्पार वाइंड्ल नामक मनुष्यानें बंदुकीच्या दारूनें खडक उडवून दाखविला. काम झपाट्यानें होऊं लागलें, पण नवें संकट उभें राहिलें. सुरुंग पेटविण्यासाठीं गवताची पोकळ काडी किंवा पिसाची नळी दारूनें भरून वातीसारखी लावीत. ती कधीं क्षणांत भडके, तर कधीं धुमसत राही. सुरुंग विझला असें समजून पाहावयास गेलेला खाणकरी डोळे, हात किंवा प्राण गमावून बसे.

इंग्लंडांतील कॉर्नवॉल प्रांताच्या खाणींत असे अपघात वारंवार होत. तेथें विल्यम बिकफर्ड नांवाचा चामड्याचा व्यापारी राहत असे. दोरखंड वळतांना पाहून त्याला युक्ति सुचली. सुताच्या पिळांत मधोमध दारूची बारीक धार सोडून त्यानें वात वळली व वरून डांबराचा लेप दिला. स. १८३१ मध्यें त्यानें तिचे हक्क घेतले. ही वात एक फूट जळण्यास सुमारें ३० सेकंद लागत; म्हणून दूर जाण्यास किती वेळ आहे, हें मजुरास आधींच कळूं लागलें. बिकफर्डनें दारूचा जोर तिळभरही वाढविला नाहीं; परंतु असंख्य जीव वांचविले.

आपल्या बोरघाटांतील लोहमार्ग १८५६ ते १८६३ ह्या वर्षांत झाला. त्याचे बोगदे साध्या दारूनेंच फोडले गेले. डायनामाइट तेव्हां जन्मासच आलें नव्हतें.

नायट्रोग्लिसरीन हें तेलासारखें द्रव्य इटलींतील सोब्रेरो ह्या शास्त्रज्ञानें १८४७ च्या सुमारास शोधलें. त्याचा जोर दारूहून फार मोठा, पण नुसत्या धक्क्यानेंही तें उडे. स्वीडनचा आल्फ्रेड नोबेल तें खाणींसाठीं तयार करूं लागला. १८६४ सालीं स्टॉकहोम येथील त्याच्या कारखान्यांत स्फोट होऊन धाकटा भाऊ एमिल व इतर कित्येक मरण पावले. पुढें त्यानें हें तेल एका सच्छिद्र मातींत जिरविलें. तेव्हां तें धक्का सोसूं लागलें. हेंच १८६७ सालचें डायनामाइट. डिटोनेटर नांवाच्या लहान टोपीनें तें ठरल्या वेळीं उडवितां येई.

तरीहि धोका संपला नाहीं. खतासाठीं वापरलें जाणारें अमोनियम नायट्रेट निरुपद्रवी मानीत. पण १९४७ सालीं अमेरिकेंतील टेक्सस सिटी बंदरांत तें भरलेल्या जहाजास आग लागून पांचशेंहून अधिक माणसें मेलीं. १९५५ नंतर ह्याच क्षारापासून केलेलीं स्वस्त स्फोटकें मोठ्या उघड्या खाणींत आलीं, व तीं सहजासहजीं उडत नसल्यामुळें डायनामाइट बहुतेक मागें पडलें.

ह्यावरून काय दिसतें? खडक फोडणारा जोर माणसास लवकर सांपडला. तो आवरण्यास मात्र शतकें लागलीं. तो आवर अजूनहि कामावरील माणसाच्या हातीं आहे. म्हणून न उडालेल्या सुरुंगाजवळ घाईनें जाऊं नये. जाणत्या माणसानें परवानगी दिल्यावांचून कोणास जाऊं देऊं नये. खाणीजवळ पडलेली टोपी मुलांस खेळूं देऊं नये. आणि "दूर व्हा" ही हाक ऐकतांच काम टाकून निमूटपणें दूर व्हावें. ती हाक पुष्कळांच्या रक्तानें शिकलेली आहे.