पावसातली वसई

मुलांनो, कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला नवा नाही. जुलै महिना आला की पंचगंगेचे पाणी पात्राबाहेर येते, राजाराम बंधारा बुडतो आणि शाळेच्या वाटेवर वाऱ्याने छत्री उलटी होते. अशा दिवसांत सहलीला कोण जाते, असे तुम्ही म्हणाल. पण एका जुलैमध्ये आम्ही गेलो. आम्ही वसई पाहायला गेलो.

वसई हे आज पालघर जिल्ह्यात असलेले समुद्रकाठचे गाव आहे. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तह करून हा मुलूख पोर्तुगिजांना दिला. तेव्हापासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे पाच वर्षे, तेथे त्यांचे राज्य होते. पोर्तुगाल हा युरोपच्या पश्चिम टोकाचा लहानसा देश. तेथून माणसे जहाजाने हजारो मैल आली आणि त्यांनी येथे शहर वसवले.

आम्ही दोन शिक्षक आणि आठवीचे वीस विद्यार्थी होतो. त्यांतला एक मुलगा उर्दूत फार छान बोलत असे; मराठीचा तास आला की मात्र मान खाली घालून बसे. "सर, माझं मराठी ऐकून लोक हसतात," असे तो म्हणे. या मुलाला लक्षात ठेवा.

रात्री कोल्हापूरला महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसलो. घाटातले बोगदे अंधारातच मागे गेले. उजाडले तेव्हा खिडकीबाहेर हिरवी भातशेते पाण्यात उभी होती. दादरला उतरून आम्ही विरारची लोकल पकडली. भाईंदरच्या पुढे गाडी पुलावर आली आणि मुले खिडकीकडे धावली. खाली वसईची खाडी पसरली होती. ज्या घाटातून आम्ही रात्री उतरलो, त्याच डोंगरांत उगम पावणारी उल्हास नदी येथे समुद्राला मिळते. पाऊस इतका होता, की पाणी कोठे संपते आणि आभाळ कोठे सुरू होते, ते कळत नव्हते.

वसई रोड स्थानकाबाहेर बसथांब्यावर एक आजी उभ्या होत्या. गळ्यात क्रूस आणि हातात सुकेळीचे पुडके. मी त्या मुलाला म्हणालो, "किल्ल्याच्या बसची चौकशी तू कर." तो चाचरला. मग पुढे होऊन म्हणाला, "आजी, किल्ल्याचा तिकीट किती?"

मला वाटले, आता आजी हसणार. पण त्या सहज म्हणाल्या, "किल्ल्याचं तिकीट फार नाही, बाळा. चला माझ्याबरोबर. मी त्याच बसने जाते."

तुमच्या लक्षात आले का? उर्दूत नपुंसकलिंग नाही, म्हणून तो 'किल्ल्याचा तिकीट' म्हणाला. आजींनी त्याला चूक दाखवली नाही. नुसते बरोबर वाक्य बोलून दाखवले.

बसमध्ये त्याला धीर आला. त्याने विचारले, "आजी, तुम्ही ख्रिस्ती ना? मग घरी इंग्रजी बोलता का?"

आता मात्र आजी खळखळून हसल्या. "इंग्रजी? अरे, आमची वाडीतली बोली थोडी निराळी, पण ती मराठीच. आमची प्रार्थना मराठीत आणि भांडणसुद्धा मराठीतच!"

आजींचे म्हणणे खरे होते. वसईतल्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी मराठीत पुस्तके लिहिली आणि 'सुवार्ता' हे मासिक चालवले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ च्या जुलैमध्ये त्यांचे निधन झाले.

किल्ल्याशी उतरलो. वसईच्या किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी आणि दलदल, तर एका बाजूला जमीन आहे. आत उंच भिंती उभ्या आहेत, पण बहुतेक इमारतींवर छप्पर उरलेले नाही. भिंतींवर शेवाळ होते. दगडांच्या फटींतून पिंपळाची मुळे उतरली होती. एका पडक्या चर्चच्या फरशीवर थडग्यांचे दगड होते. त्यांवरची पोर्तुगीज अक्षरे पावसाने धुऊन निघाली होती. मुले त्यांवर पाय न देता बाजूने गेली. तसे करायला त्यांना कोणी सांगितले नव्हते.

हा किल्ला चिमाजी आप्पांनी जिंकला. ते पहिल्या बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ. त्यांच्या सैन्याने वेढा घातला, सुरुंग लावून तटाला खिंडार पाडले. दोन्हीकडची पुष्कळ माणसे मेली. शेवटी मे १७३९ मध्ये पोर्तुगीज शरण आले. ज्यांना जायचे होते त्यांना सामानासह जाऊ दिले. जे राहिले त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. पुढे १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, तोही याच गावी. 'वसईचा तह' तुम्ही इतिहासात वाचला असेल.

पावसाचा जोर वाढला. आम्ही एका कमानीखाली उभे राहिलो. मी विचारले, "पोर्तुगीज गेले. मागे काय राहिले?"

"भिंती!" मुले म्हणाली.

"आणखी?"

मी सांगितले, "वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर एक मोठी घंटा आहे. तिच्यावर मरियम आणि बाळ येशू, म्हणजे आपण ज्यांना हजरत ईसा म्हणतो, त्यांची आकृती आहे. ती वसईच्या मोहिमेतून आली, असे सांगतात. पण याहून मोठी गोष्ट तुमच्या तोंडात आहे. मराठीत बादली, चावी, लिलाव, फीत, अननस, पाद्री म्हणतात. उर्दूत काय म्हणतात?"

तोच मुलगा भराभर बोलू लागला, "बाल्टी, चाबी, नीलाम, फीता, अनन्नास, पादरी!"

हे सारे शब्द मूळचे पोर्तुगीज. गोवा, चौल, वसई, दमण अशा बंदरांतून ते देशभर पसरले. मराठीने 'पगार' आणि 'बटाटा' घेतले, उर्दूने 'कमरा' आणि 'गिरजा' घेतले. शब्दच काय, आपल्या तांबड्या रश्शातली मिरचीसुद्धा अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या जहाजांनी इकडे आणली. मिरचीवाचून कोल्हापूर कसले? आज तिला कोणी परकी म्हणत नाही.

मुलांनो, किल्ला एकाकडून दुसऱ्याकडे जातो. भाषेचे तसे नाही. जो बोलतो त्याची ती होते, आणि पहिल्याची राहतेही.

संध्याकाळी भिजलेल्या कपड्यांनी आम्ही स्थानकावर परत आलो. मी पैसे काढले, तोच तो मुलगा म्हणाला, "सर, मी जातो." तिकीट-खिडकीशी उभा राहून, मान वर करून, तो म्हणाला, "दादरची बावीस तिकिटं द्या."

कोणीही हसले नाही.

शब्दार्थ

वेढा – मुहासरा. खिंडार – तटाला पडलेली मोठी फट. तह – सुलह. मोहीम – मुहिम. सुकेळी – उन्हात वाळवलेली केळी. चाचरणे – बोलताना अडखळणे.

स्वाध्याय

१. मराठीच्या तासाला तो मुलगा मान खाली घालून का बसे?

२. आजींनी त्याची चूक कशी सुधारली? तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते?

३. 'चा, ची, चे' यांपैकी योग्य रूप लिहा : किल्ल्या— तट, किल्ल्या— कमान, किल्ल्या— दार.

४. तुमच्या घरात बोलले जाणारे, पण उर्दू आणि मराठी दोन्हींत असलेले दहा शब्द लिहून आणा.