यादी आपली आपण करावी

पानिपतात राहणाऱ्या मराठी माणसाकडे १४ जानेवारीला पाहुणे येणारच. १७६१च्या रणात पडलेल्यांना अभिवादन करायला लोक महाराष्ट्रातून काला अंबला येतात. तिथून परतताना चहाला थांबले की कुणीतरी हमखास विचारतं, "पोराला एम.एस.ला पाठवायचंय, कुठं अर्ज करू?" मी मूळचा इचलकरंजीचा, इथल्या गिरणीत नोकरीला. परदेशात काही शिकलेलो नाही. पण भाचीच्या बाबतीत जे झालं ते जवळून पाहिलंय, म्हणून बोलतो.

टेक्स्टाइलमध्ये बी.टेक. करून ती प्रशिक्षणासाठी माझ्याकडे आली. जगभरातले टाकून दिलेले लोकरी कपडे पानिपतात येतात. त्यांची बटणं, चेन काढायच्या, रंगांप्रमाणे ढीग लावायचे, मग यंत्रात कपडा पिंजून पुन्हा तंतू करायचा आणि त्याच्या शॉडी सुताची ब्लँकेटं विणायची. पिंजताना तंतू तुटून आखूड होतो, म्हणून सूत जाडंभरडं आणि कमी ताकदीचं निघतं. तंतू लांब राखायचा कसा, या प्रश्नानं तिला झपाटलं. "मामा, मला हेच शिकायचंय," म्हणाली.

पानिपत, कर्नाल, कुरुक्षेत्र, या पट्ट्यात आयईएलटीएस आणि व्हिसाच्या पाट्यांना तोटा नाही. त्यातल्याच एका कन्सल्टन्सीत ती गेली. काउन्सेलरनं गुण विचारले, बँड विचारले, बजेट विचारलं. काय शिकायचंय, हे विचारलंच नाही. हाती आलेल्या यादीत सगळी ब्रिटनची विद्यापीठं, आणि कोर्स फॅशन मॅनेजमेंट नाहीतर इंटरनॅशनल बिझनेस. ऑफर लेटर झटपट आलं, पाठोपाठ "सीट जाईल, डिपॉझिट भरा" असे फोन सुरू झाले. ताईनं मुदतठेव मोडून पैसे भरले. नंतर भाचीनं विषयांची यादी उघडली, तर ब्रँड, रिटेल, मार्केटिंग आणि शेवटी प्रबंध. तंतूचं नावही नाही. तिनं प्रवेश सोडला. व्हिसा नाकारला गेला तरच डिपॉझिट परत, अशी अट होती. पैसे गेले, वर्षही गेलं.

सल्ला फुकट का मिळतो, हे आधी समजून घ्या. अशा कन्सल्टन्सीला विद्यार्थ्यामागे विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. त्यात बेकायदा काही नाही, पण जे विद्यापीठ कमिशन देत नाही ते त्यांच्या यादीत सहसा दिसत नाही. जर्मनीची सरकारी विद्यापीठं अशीच गळतात. तेव्हा पहिला प्रश्न थेट विचारा: यातल्या कुणाकुणाशी तुमचा करार आहे?

दुसरी यादी भाचीनं स्वतः केली. क्यूएसच्या विषयवार क्रमवारीत टेक्स्टाइल हा विषयच नाही, म्हणून क्रमवारी बाजूला ठेवली. जुन्या कापडापासून तंतू काढण्यावरचे शोधनिबंध काढले आणि ते लिहिणारे कुठं शिकवतात ते पाहिलं. अशी नावं पुढं आली: स्वीडनमधलं बोरोस, जर्मनीतलं म्योन्शनग्लाडबाख, अमेरिकेत रॅलेचं नॉर्थ कॅरोलायना स्टेट. नातेवाइकांत यातलं एकही नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. याच शहरांत कापडाचं शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

नाव सापडलं की मॉड्यूल हँडबुक, म्हणजे विषयवार अभ्यासक्रमाची पुस्तिका, शोधा आणि ती ओळीनं वाचा. जर्मनीत पदवीच्या टक्क्यांइतकंच कोणत्या विषयाचे किती क्रेडिट झालेत हे बघतात. गणितात किंवा मुख्य विषयात क्रेडिट कमी पडले तर चांगले गुण असूनही अर्ज बाद होऊ शकतो. म्हणून कॉलेजचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून विषयाला विषय लावून बघा. भारतीय विद्यार्थ्यांना कागदपत्रांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्रही लागतं, ते वेळखाऊ आहे.

स्वीडनचे अर्ज एकाच ठिकाणी भरतात. मास्टर्सच्या एका फेरीत चारच कोर्स निवडता येतात आणि त्यांना पसंतीक्रम द्यावा लागतो. वरच्या कोर्सला प्रवेश मिळाला की खालचे आपोआप रद्द होतात. त्यामुळे "मिळून जाईल" म्हणून कुठलाही कोर्स पहिल्या क्रमांकावर टाकू नका. मुदत १५ जानेवारीच्या आसपास संपते, म्हणजे काला अंबला येऊन मला विचारणाऱ्याच्या हाती जेमतेम एक दिवस उरतो. हे प्रश्न दिवाळीपूर्वी विचारायचे असतात.

अमेरिकेत कोर्सचा वर्गीकरण क्रमांक बघा. टेक्स्टाइल इंजिनिअरिंगचा १४.२८०१ हा क्रमांक स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत येतो. त्यावर शिक्षणानंतर कामाचे १२ महिने आणि वर आणखी २४ महिने मिळू शकतात. फॅशन मर्चंडायझिंगला हे वाढीव २४ महिने मिळत नाहीत.

पैशाचा हिशेब करताना नियम बदलतात हे धरून चाला. ब्रिटनमध्ये मास्टर्सनंतर दोन वर्षं राहता येतं, पण १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच मिळतील. जर्मनीच्या व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक खात्यात दाखवावे लागतात. कर्जाचा हप्ता इथल्या पगारातून फिटेल का, हे घर तारण ठेवण्यापूर्वी कागदावर मांडा.

आणि अर्ज पाठवण्याआधी तिथं आत्ता शिकणाऱ्या एखाद्या मुलाला गाठा. विद्यापीठानं नेमलेला विद्यार्थी-दूत नको, प्रयोगशाळेच्या पानावर ज्याचं नाव आहे असा शोधा. छापलेल्या ऐच्छिक विषयांपैकी गेल्या वर्षी खरोखर कोणते शिकवले, आणि यंत्रावर हात ठेवायला किती मिळतं, एवढंच विचारा. बोरोसच्या एका मुलीनं भाचीला लांबलचक उत्तर लिहिलं, सोबत पिंजणीच्या यंत्राचा फोटोही पाठवला. त्याच रात्री भाचीनं पसंतीक्रम बदलला.