विस्तवाशिवाय सीताफळाचा जॅम

इटियाडोहच्या परिसरांत आश्विन लागला म्हणजे दोन पिकें एकदमच हातीं येतात. बांध्यांतील हलकें धान कापणीस येतें आणि धुऱ्यांवरील व टेकड्यांच्या उतारावरील सीताफळांचे डोळे उघडूं लागतात. गाढवी नदीवरील धरण १९७० सालीं झालें, त्यामुळें धानास कालव्याचा आधार मिळाला; सीताफळास मात्र कोणी वाली नाहीं. फळ तोडल्यावर तीनचार दिवसांत पिकतें आणि पिकल्यावर एकदोन दिवसांतच कुजतें. कापणीच्या गर्दींत बाजार गांठणें होत नाहीं. बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. आमच्या रानच्या फळास नांव नसलें तरी त्याची गोडी उकिरड्यावर जावी अशी खचित नाहीं.

आंबा, पेरू, आवळा हीं फळें आपण साखरेंत शिजवून टिकवितों. विस्तवानें जंतु मरतात आणि भरपूर साखरेमुळें उरलेल्यांस वाढण्यापुरतें पाणी मिळत नाहीं. सीताफळास हा मार्ग चालत नाहीं. त्याचा गर सुमारें ६५ अंश सेंटिग्रेडच्या वर तापला कीं कडवट होऊं लागतो. सुगरणी हें पुस्तक न वाचतांच जाणतात. म्हणून बासुंदींत सीताफळाचा गर दूध पूर्ण निवाल्यावरच घालण्याची चाल आहे. तेव्हां उष्णतेच्या जागीं थंडी योजिली पाहिजे. अमेरिकेंत स्ट्रॉबेरीचा न शिजविलेला जॅम करून फ्रीजरमध्यें ठेवितात, तीच युक्ति येथें उपयोगीं पडते. तिकडे घट्टपणासाठीं पेक्टिन घालितात. सीताफळाचा गर मुळांतच दाट असल्यानें आपणांस त्याची गरज नाहीं.

परंतु एक भेद नीट ध्यानांत धरावा. विस्तव जंतूंस मारतो. थंडी त्यांस केवळ निजविते. ऊब मिळतांच ते जागे होतात. पुढील सर्व नियम ह्या एका गोष्टींतून निघाले आहेत.

फळें पूर्ण पिकलेलीं, पण न फुटलेलीं घ्यावीं व धुऊन पुसून मगच उघडावीं. हात साबणानें धुवावे; चमचे, चाळणी व डबे उकळत्या पाण्यांतून काढून कोरडे करावे. सालीलगतचा रवाळ थर सोडून गर घ्यावा. तो मोठ्या छिद्रांच्या चाळणीवर लाकडी चमच्यानें हलकेच फिरवून बिया वेगळ्या कराव्या. बियांसह गर मिक्सरमध्यें कदापि घालूं नये. बियांतील मगज विषारी असून डोळ्यांत गेल्यास मोठी इजा करितो. एक किलो गरास २०० ग्रॅम दळलेली साखर व तीन मोठे चमचे लिंबाचा रस हें आमच्या घरचें प्रमाण आहे. लिंबू केवळ चवीसाठीं नव्हे. हवेनें गर काळवंडतो, ती क्रिया आंबटपणानें मंदावते. साखर विरघळली कीं पाव पाव किलोच्या डब्यांत भरावें. वर अर्धा इंच जागा रिकामी ठेवावी, कारण पाणी गोठतांना शेंकडा ९ इतकें फुगतें. फ्रीजर उणें १८ अंशांवर असावा. जॅम सहा महिन्यांत संपवावा. डबा उघडल्यावर तो फ्रिजच्या खालच्या कप्प्यांत ठेवून चार दिवसांत संपवावा व पुन्हां गोठवूं नये.

आमची फजिती येथें सांगणें इष्ट आहे. महसूल खात्यांतून निवृत्त झाल्यावर पहिल्याच वर्षीं आमच्या घरीं आठ डबे झाले. कार्तिकांत आम्ही परगांवीं असतां गांवची वीज तीन दिवस नव्हती. परतलों तों वीज आलेली आणि डबे दगडासारखे गोठलेले. बाहेरून कांहींच कळेना. त्यांतील दोन आम्ही मोठ्या हौसेनें लेकीच्या सासरीं नेले. झांकण काढतांच आंबूस वास सुटला. विहीणबाईंनीं शब्दानेंही दुखविलें नाहीं. पण लेकीची खालीं गेलेली मान आम्हांस अद्याप विसरवत नाहीं.

तेव्हांपासून फ्रीजरमध्यें एका वाटींत पाणी गोठवून त्यावर रुपयाचें नाणें ठेवितों. परतल्यावर नाणें वरच असेल तर चिंता नाहीं. तें बुडालेलें दिसलें तर मध्यंतरीं बर्फ वितळला होता असें समजून सर्व डबे टाकून द्यावे. चाखून पाहण्याचा मोह धरूं नये. तसेंच प्रत्येक डब्यावर भरल्याची तारीख लिहावी. कचेरींत आम्ही तारखेविना कागद पुढें जाऊं दिला नाहीं, आणि घरांत मात्र तीच गफलत केली होती.

भेट द्यावयाची ती तासाभराच्या वाटेवरील घरींच द्यावी. डबा घोंगडींत गुंडाळून न्यावा, आणि तो कोठें ठेवावा व कधीं संपवावा हें चिठ्ठीवर लिहून द्यावें. दूरच्या आप्तांस जॅम न धाडतां डोळे उघडलेलीं पण कठीण फळें तणसांत रचून धाडावीं. तीं वाटेंत पिकतील. दिलेली वस्तु घेणाऱ्याच्या मुखीं गोड लागेल याची खात्री करणें हें देणाऱ्याचेंच काम आहे.